आठ कडवी, आठ ट्रॅक

आमच्या घरात लग्न ठरलं की हॉल, दागिने आणि जेवणाच्या मेनूच्याही आधी एक प्रश्न निघतो. मंगलाष्टकं कोण लिहिणार? हा प्रश्न विचारायची फक्त पद्धत आहे, कारण उत्तर कायम बाबाच असतात. गुरुजींची छापील मंगलाष्टकं आमच्याकडे चालत नाहीत. प्रत्येक लग्नाला नवीन आठ कडवी, वृत्तात चोख बसवलेली, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, आत्या, झालंच तर अमेरिकेतला दीर, सगळे त्यात मावलेले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांचे नकाशे काढायचे. एखादं नाव वृत्तात बसत नसेल तर ते त्या माणसाचं लाडाचं नाव काय, याची फोनवर चौकशी करतात, पण अक्षर जास्त होऊ देत नाहीत.

ही आठ कडवी घरातल्या आठ जणांनी म्हणायची. आठवं, म्हणजे शेवटचं, बाबांचं. ते संपलं की अंतरपाट खाली येतो. ताईच्या लग्नात, माझ्या लग्नात, यच्चयावत चुलत-मावस लग्नांत तो बाबांच्याच आवाजावर खाली आलेला आहे.

मग मागच्या एका लग्नात बाबांचा आवाज फाटला. शेवटच्या कडव्यात एक ओळ खूप वर जाते, तिथेच. त्यांनी खाकरून पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. गुरुजींनी शहाणपणा करून उरलेली ओळ स्वतः म्हणून टाकली आणि कुणीतरी भल्या माणसाने बाबांच्या पुढे पाण्याचा ग्लास धरला. फाटलेल्या आवाजाचं त्यांना काही वाटलं नसतं. तो ग्लास मात्र त्यांना फार लागला. घरी आल्यावर त्यांनी बाजाच्या पेटीवर चादर टाकली, आणि त्यानंतर आमच्या डोंबिवलीच्या घरात पेटीवर फक्त इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे.

म्हणून ताईच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मंगलाष्टकं कोण लिहिणार हे विचारायलाही कुणी धजावेना. भाची मात्र धीट. ती ठाण्याहून आली आणि आजोबांच्या समोरच बसली.

"आजोबा, तुम्ही म्हणणार नसाल तर मी अंतरपाट धरूच देणार नाही. कोर्टात जाऊन सही करून येईन."

"अगं, लिहून देतो की. म्हणायला बाकीचे आहेत."

"शेवटचं तुमचंच."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "घरी म्हणेन. टेप करून घ्या काय ते. हॉलमध्ये माइकसमोर मी उभा राहणार नाही."

"चालेल!" असं म्हणून भाचीने माझ्याकडे बघितलं. "मामा, तू ते मशीन घेतलेलंस ना? बँडवालं?"

घेतलेलं. नोकरीला लागल्यावर आम्ही मित्रांनी बँड काढायचं ठरवलं होतं. बँडचं नाव काय ठेवायचं यावरून भांडण झालं आणि पहिलं गाणं व्हायच्या आत बँड संपला, पण तोवर मी रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा, खांद्याला लावून कुठेही नेता येईल असा. त्यात आठ ट्रॅक, म्हणजे आठ वेगवेगळे आवाज एकमेकांना धक्का न लावता साठवता येतात, आणि प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायला एकेक वर-खाली सरकणारी पट्टी. माळ्यावरून तो खाली काढला, पुसला, सेल घातले, तर पठ्ठ्या पहिल्या झटक्यात सुरू झाला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून दिवा लागल्याचं दाखवलं. ती म्हणाली, "बघितला दिवा. आता माळ्यावरचं बाकीचंही काढ."

एकट्या बाबांचं कडवं मशीनवर आणि बाकीचे उभं राहून म्हणतायत, हे दिसायला बरं दिसलं नसतं. बाबांना तर अजिबातच आवडलं नसतं. म्हणून सगळ्यांचीच कडवी रेकॉर्ड करायची ठरली. आठ कडवी आणि आठ ट्रॅक. मला तर वाटलं, त्या कंपनीने आमच्या घरातली लग्नं डोळ्यांसमोर ठेवूनच हे यंत्र बनवलंय. एका ट्रॅकवर एक माणूस, असा माझा सरळ हिशेब. एकाचं झालं की तो ट्रॅक बंद करायचा, मशीन पुन्हा सुरुवातीला आणायचं आणि दुसऱ्याचं पुढच्या ट्रॅकवर घ्यायचं. या हिशेबात काय घोळ आहे ते मला पुढे कळलं.

मग मी तो डबा खांद्याला लावून घरोघर फिरलो. ताईने ठाण्याला साड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून कडवं म्हटलं, कारण तिच्या खिडकीखाली माजिवड्याच्या सिग्नलचे हॉर्न थांबतच नाहीत. आईच्या कडव्यात बांगड्या वाजत होत्या. काढून ठेव म्हटलं तर म्हणाली, "लग्नाच्या कामाला बांगड्या काढून बसू? कुठे शिकलास हे?" त्यामुळे दुसऱ्या ट्रॅकवर बांगड्या आहेत. शहाडला आत्याने एका दमात, एकही चूक न करता म्हटलं आणि मला थालीपीठ खायला बसवलं. काका, मावशी, बायको आणि मी, असे आम्हीही उरकलो.

बाबांनी मात्र खोलीचं दार लावून घेतलं. मला मशीन सुरू करून बाहेर जायला सांगितलं. आतून पेटीचा सूर आला, कितीतरी महिन्यांनी. तरुणपणी बाबा काळी दोनच्या पट्टीत गायचे. आता त्यांनी तिच्याखालची काळी एक धरली होती, म्हणजे आपल्या मते त्यांनी वयाला पुरेसा मान दिला होता. दाराबाहेर मला कळत होतं की वरच्या ओळीला आवाज ताणला जातोय. फाटला नाही, पण कसाबसा निभावला. बाहेर येऊन ते म्हणाले, "झालं. मला ऐकवू नकोस."

मशीनमधून छोटं कार्ड काढून मी ते लॅपटॉपला लावलं. कॉम्प्युटरवर आवाजाचं काम करणारं सॉफ्टवेअर मी त्याच आठवड्यात शिकायला घेतलं होतं. फायली आत घेताना त्याने इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. असे प्रश्न आले की मी जे करतो तेच केलं. न वाचता "नाही" दाबलं. मग वाजवायचं बटण दाबलं आणि आमचे आठच्या आठ नातेवाईक एकदम गायला लागले.

एकाच वेळी! प्रत्येक ट्रॅक मी सुरुवातीपासून भरला होता, त्यामुळे प्रत्येक जण पहिल्या सेकंदालाच सुरू. आई, आत्या, काका, बाबा, सगळ्यांचा कल्ला, आणि वर बांगड्या. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण कोण आलंय रे? कुकर परत लावू का?"

मला हसू आवरेना. आमच्या घरातले सणासुदीचे दिवस हुबेहूब असेच असतात, फक्त तिथे कुणाला उचलून बाजूला सरकवता येत नाही. इथे ती सोय होती. पडद्यावर एकेकाचं कडवं माउसने धरलं आणि मागे मागे सरकवत ओळीने बसवलं. काकांना आयुष्यात पहिल्यांदा आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं लागलं.

रांग लागल्यावर नीट ऐकलं, तर सगळेच फार छान वाटत होते. हलके, ताजे, तरतरीत. आत्या कॉलेजातल्या मुलीसारखी. मी स्वतः, खोटं कशाला बोलू, एकदम देखणा वाटत होतो. मला वाटलं, कॉम्प्युटर आवाज स्वच्छ करतो म्हणतात तो असा. मी ते घरच्या ग्रुपवर टाकून दिलं. कौतुकाचा पाऊस पडला. आत्याचा तर फोनच आला, "अरे, ही मी? मला परत लग्नाला उभी करा!" फक्त आई ऐकता ऐकता म्हणाली, "शेवटी कोण गातंय? आवाज ओळखीचा आहे, पण हा माणूस मी आमच्या लग्नाच्या वेळी बघितलेला."

बाबा आतल्या खोलीतून ऐकत होते. ते हळूच बाहेर आले आणि म्हणाले, "शेवटचं परत लाव." मी लावलं. परत लावलं. वरची ओळ सुळकन वर गेली आणि तशीच खाली आली, कुठे अडकणं नाही की काही नाही. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बरेच दिवस बघितलं नव्हतं. संध्याकाळी ते फिरायला गेले ते शीळ घालत आले. जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाले, "एवढा लागतोय आवाज, तर मशीन कशाला? हॉलमध्ये उभा राहूनच म्हणतो."

आम्ही सगळे खूश. भाचीला फोन झाला, तिकडे आरडाओरडा झाला. पण मला दाराबाहेरून ऐकलेला तो ताणलेला आवाज आठवत होता. हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना, आणि विचारायची भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पेटीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून माझ्या हातात दिले आणि चादर काढली. लॅपटॉपवर लागलेला सूर पेटीवर शोधायचा आणि त्याच पट्टीत रियाज करायचा, असा बेत. त्यांनी पांढरी दोन दाबली. सूर खाली राहिला. काळी दोन दाबली, तर तो वर गेला. पुन्हा पांढरी दोन, पुन्हा काळी दोन. या दोन पट्ट्यांच्या मध्ये पेटीत काही नसतं. बाबांनी भाता सोडला.

"ही पट्टी पेटीतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा मी नाही. मी काळी एक धरून गायलो होतो. पेटीत नाही ती पट्टी मी लावेन कशी? तुझ्या कॉम्प्युटरने काहीतरी केलंय."

मग मी तो न वाचलेला प्रश्न शोधून वाचला. रेकॉर्डर आवाजाचे सेकंदाला जितके तुकडे करून ठेवतो, त्यापेक्षा जास्त तुकडे कॉम्प्युटर सेकंदाला वाजवत होता. त्यामुळे सगळं भराभर संपत होतं आणि सूर वर चढत होता. "बदल करून घेऊ का?" असं त्याने विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. मी हे अडखळत समजावलं. बाबांना एका वाक्यात कळलं. "स्केल चुकलं," ते म्हणाले. "नकाशा लहान छापला गेला."

मी ते दुरुस्त केलं आणि वाजवलं. आत्या पुन्हा आत्यासारखी झाली, माझं देखणेपण गेलं, आणि शेवटी बाबा आले. काळी एक. वरच्या ओळीला ताणलेला, कष्टाचा, म्हातारा आवाज. ते पूर्ण ऐकून बाबा उठले.

"हॉलचं रद्द. आणि हे पण खोडून टाक. गुरुजींना म्हणू दे शेवटचं."

त्यांनी चादर परत टाकली. मला रडू यायचं बाकी होतं. एका "नाही"च्या बटणाने मी त्यांना एका दिवसापुरतं तरुण करून दुसऱ्या दिवशी परत आणून सोडलं होतं.

मी आत्याला फोन करून सगळं सांगितलं. बाबांना काही सांगायचं तर ते या धाकट्या बहिणीनेच, बाकी कुणाची टाप नाही. तिने खरा आवाज फोनवर ऐकून घेतला आणि म्हणाली, "दादाला घेऊन ये इकडे. तो डबापण आण. कॉम्प्युटर नको, त्याच्यात बघत बघत तो गाणार नाही."

म्हणजे आता उलटा प्रवास. कॉम्प्युटरमधलं सगळं परत रेकॉर्डरमध्ये घालायचं. यात आमचा डबा सासूसारखा निघाला. फायलीचं नाव त्याला हवं तसंच, तुकडे त्याला हवे तितकेच, नाहीतर ओळखच दाखवायचा नाही. या वेळी मात्र मी प्रत्येक प्रश्न चष्मा लावून वाचला. शेवटी पहिली सात कडवी एकत्र करून डावा-उजवा मिळून पहिल्या दोन ट्रॅकवर बसवली आणि तिसरा ट्रॅक बाबांसाठी रिकामा ठेवला.

शहाडला आत्याच्या घरी दुपारी शांत असतं. नदीच्या बाजूची खिडकी उघडली की फक्त वारा येतो. बाबा तिथे चहा प्यायला म्हणून आले होते, असं त्यांचं म्हणणं. आत्याने चहा दिला आणि स्वतःची जुनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

"दादा, पांढरी एक धर."

"एवढं खाली? कीर्तन आहे का?"

"काळी एक कुणासाठी धरतोस? मी कधीची खाली आलेय."

"तू? कधी?"

"बघ, तुझ्या लक्षात आलं नाही. एकत्र गाणं शिकलो आपण, तरी तुझ्या कानाला कळलं नाही. मग हॉलमधल्या माणसांना काय कळणार आहे? ते जेवायला आलेले असतात."

बाबा हसले. अगदी मनापासून. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि मी मशीन सुरू केलं. पहिली सात कडवी त्यांच्या कानात चालू झाली. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कोण गातंय ते ओळखू येत होतं. बांगड्यांपाशी ते हसले. काकांपाशी त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांची पाळी आली आणि त्यांनी पांढरी एकमध्ये सुरुवात केली. आवाज भरलेला, संथ, घरातला. वरची ओळ आली तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ती सहज गेली. आत्या पदराने डोळे पुसत होती आणि मीही तेच करत होतो, फक्त माझ्याकडे पदर नव्हता.

एवढं होऊनही, "हॉलमध्ये मशीनच वाजवायचं," हे बाबांनी जाताना रिक्षात तीनदा बजावलं.

लग्नाच्या दिवशी माजिवड्याच्या हॉलमध्ये मी स्टेजच्या कडेला, साउंडवाल्याच्या शेजारी, डबा घेऊन बसलो. लॅपटॉप आणलाच नाही. या डब्यावर निदान बोटाखाली पट्टी असते. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या गेल्या आणि मी सुरू केलं.

एक गोष्ट आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मंगलाष्टकं चालू असताना आमच्या घरातलं माणूस गप्प उभं राहूच शकत नाही. ताईचं कडवं लागलं, तर ताई स्वतःबरोबर गायला लागली. आई स्वतःबरोबर. बांगड्या स्पीकरमधूनही वाजत होत्या आणि स्टेजवरूनही. काका तर स्वतःच्या पुढे निघून गेले. लोक हसत होते, नवरदेवही अंतरपाटाआड हसत असावा, कारण कापड हलत होतं.

मग आठवं आलं. बाबा गुरुजींच्या शेजारी हात बांधून उभे होते. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ हलायला लागले. दुसऱ्या ओळीला हात सुटले. गुरुजी चलाख, त्यांनी काही न बोलता आपला माइक जरासा बाबांकडे कलता केला, आणि हॉलमध्ये एकाच माणसाचे दोन आवाज ऐकू यायला लागले. पांढरी एक. तीच पट्टी, त्यामुळे दोन्ही एकमेकांत चपखल बसत होते.

माझं बोट तिसऱ्या ट्रॅकच्या सरकत्या पट्टीवर होतं. मी ती खाली ओढायला लागलो. थोडी, अजून थोडी. बाबांचे डोळे मिटलेले होते. वरची ओळ येईपर्यंत पट्टी पार तळाला गेली होती आणि मशीनमधून काहीच येत नव्हतं. बाबा एकटे ती ओळ घेऊन वर गेले, तिथे क्षणभर थांबले आणि स्वच्छ खाली आले. सावधान झालं. अंतरपाट पडला, अक्षता उडाल्या, आणि भाची नवऱ्याला हार घालायच्या आधी आजोबांकडे बघून ओरडली.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. घरी आल्यावर बाबा सोफ्यावर पाय पसरून बसले होते, पेटीवरची चादर कधीतरी निघाली होती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "रेकॉर्डिंग छान वाजलं ना, बाबा?"

"हं," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "पुढच्या वेळी जरा आधीच खाली ओढ."